बटण दाबल्यावरचे काम लिहावे कुठे?

वेब पानावरचे ‘जमा करा’ बटण दाबले की ब्राउझर त्याला जोडलेले फंक्शन चालवतो. हे फंक्शन म्हणजे इव्हेंट हँडलर. ते बटणापाशी जागच्या जागी, बिननावाचे लिहायचे, की नाव देऊन वेगळे ठेवायचे, यावर प्रोग्रामर हिरिरीने भांडतात, बहुतेकदा नीटनेटकेपणाच्या मुद्द्यावर. माझ्या मते आधी एवढेच विचारावे: हे हँडलर पुढे कधी काढावे लागणार आहे का?

जावास्क्रिप्टमध्ये हँडलर काढताना सहसा जोडलेले नेमके तेच फंक्शन दाखवावे लागते. अक्षर न् अक्षर सारखी असलेली दोन फंक्शनेही तिच्या लेखी वेगवेगळी. त्यामुळे बिननावाचे फंक्शन त्याच ओळी पुन्हा लिहून काढायला गेलो तर ते निघत नाही आणि ब्राउझर चूकही दाखवत नाही. समजा, पानावर नकाशाची चौकट आहे आणि ती उघडताना दर वेळी स्क्रोलला नवे हँडलर लागते. चौकट दहादा उघडली-मिटली की एका स्क्रोलला दहा फंक्शने धावतात. त्यांनी धरून ठेवलेली, मिटलेल्या नकाशांची माहितीही मेमरीतून हलत नाही. साध्या फोनवर पान अडखळू लागते ते अशानेही. तेच फंक्शन चौकटीच्या कोडबाहेर एकदाच लिहून, नाव देऊन दहादा जोडले तरी ब्राउझर त्याची नोंद एकदाच ठेवतो, आणि ते हवे तेव्हा काढता येते.

एचटीएमएलच्या टॅगमध्येच ऑनक्लिक लिहिण्याची १९९०च्या दशकातली पद्धत मात्र सोडलेलीच बरी. तिथला मजकूर पान लिहिणाऱ्याचा की कुणी बाहेरून घुसवलेला, हे ब्राउझरला ओळखता येत नाही. म्हणून कडक कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी, म्हणजे पानावर कोणता कोड चालू द्यायचा याचे नियम, लावलेल्या पानावर असे हँडलर चालतच नाहीत. रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीतले ऑनक्लिक दिसायला तसेच, पण तिथे मजकुराऐवजी खरे फंक्शन दिले जाते.

पण म्हणून प्रत्येक हँडलर सरसकट नाव देऊन वेगळे ठेवू नये. मेनू मिटवण्याची एक ओळ जागीच वाचायला सोपी असते. तिच्यासाठी फाइलभर हिंडायला लावणे हा वाचणाऱ्यावर अन्याय आहे. काम लांबले, तेच कीबोर्डवरूनही व्हायचे असले किंवा त्याची स्वतंत्र चाचणी घ्यायची असली, की नाव द्यावे. आणि नाव ‘हँडलक्लिक’ नको, ‘सेव्हॲप्लिकेशन’ असे काम सांगणारे हवे. प्रोग्राम कोलमडला की त्रुटीच्या नोंदीत हेच नाव दिसते. बिननावाच्या फंक्शनच्या जागी बऱ्याचदा नुसते ‘ॲनॉनिमस’ येते.