मिठागराची जमीन कोणाची? केंद्र व राज्य यांच्या अधिकारांच्या सीमा

वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर वसलेले मीरा-भाईंदर हे शहर भारतीय संघराज्याची रचना समजून घेण्यासाठी मोठे सोयीचे आहे. शहरातून जाणारी पश्चिम रेल्वे केंद्र शासनाची. काशीमिऱ्यावरून जाणारा मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गही केंद्राच्या अखत्यारीतला. पण त्याच महामार्गावर बंदोबस्त ठेवणारे पोलीस राज्याचे. उत्तनच्या कोळी बांधवांनी किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत जाळे टाकले तर तो विषय राज्याचा, आणि त्यापलीकडे टाकले तर तो केंद्राचा. शहरातील गटारे, दिवाबत्ती आणि पाणीपुरवठा पाहणारी महानगरपालिका ही राज्याच्या कायद्याने निर्माण झालेली संस्था आहे.

ही विभागणी बहुतेक ठिकाणी स्पष्ट आहे आणि नागरिकाला तिची जाणीवही होत नाही. परंतु खाडीकाठी पसरलेल्या मिठागरांपाशी येताच ती धूसर होते. मीठ हा विषय केंद्राचा, जमीन हा विषय राज्याचा. मग ज्या जमिनीत मीठ पिकते, ती जमीन कोणाची? वरवर साध्या वाटणाऱ्या या प्रश्नावर रस्त्यांची आखणी, घरबांधणीच्या योजना, पावसाळ्यातील पाण्याचा निचरा आणि मिठागरांवर राबणाऱ्या मजुरांची रोजीरोटी अवलंबून आहे.

तीन सूच्या

राज्यघटनेच्या अनुच्छेद २४६ अन्वये कायदे करण्याच्या अधिकाराची वाटणी झाली असून तिचा तपशील सातव्या अनुसूचीत दिलेला आहे. या अनुसूचीत तीन सूच्या आहेत. संघसूचीतील विषयांवर फक्त संसद कायदे करते. राज्यसूचीतील विषयांवर सामान्यतः फक्त राज्य विधानमंडळ कायदे करते. समवर्ती सूचीतील विषयांवर दोघांनाही कायदे करता येतात. मात्र दोन कायद्यांत विसंगती आल्यास अनुच्छेद २५४ प्रमाणे संसदेचा कायदा वरचढ ठरतो. राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवलेल्या व त्यांची अनुमती मिळालेल्या राज्याच्या कायद्यापुरता या नियमाला अपवाद आहे. पण त्यानंतरही संसदेला नवा कायदा करता येतो. कोणत्याच सूचीत न बसणारे विषय अनुच्छेद २४८ ने संसदेकडे सोपविले आहेत.

संघसूचीतील ५८ व्या नोंदीनुसार मिठाचे उत्पादन, पुरवठा व वितरण यांचे नियमन केंद्राकडे आहे. राज्यसूचीतील १८ व्या नोंदीनुसार जमीन, जमिनीवरील हक्क, कुळवहिवाट व खंडवसुली हे विषय राज्याकडे आहेत. स्थानिक स्वराज्य संस्थाही राज्यसूचीतच, पाचव्या नोंदीत, येतात.

मीठ केंद्राकडे कसे गेले

मिठावर केंद्राचा हक्क असण्यामागे इतिहास आहे. ब्रिटिश राजवटीत मिठावरील कर हे महसुलाचे महत्त्वाचे साधन होते. मुंबई इलाख्यातील मिठागरांसाठी १८९० चा मुंबई मीठ अधिनियम होता. परवान्याशिवाय मीठ काढणे हा गुन्हा मानला जाई. १९३० च्या सत्याग्रहात दांडीपाठोपाठ कोकणात शिरोडे येथे आणि मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर लोकांनी हा कायदा मोडला. १९३५ च्या भारत सरकार अधिनियमाने मीठ हा विषय संघीय सूचीत घातला. मीठकर १९४७ मध्ये रद्द झाला. परंतु मीठ खाते राहिले आणि विषयाची वाटणीही तशीच राज्यघटनेत आली.

मालकीचा प्रश्न याच संक्रमणातून उद्भवतो. १९३५ च्या अधिनियमाच्या १७२ व्या कलमाने प्रांतातील सरकारी जमिनी साधारणतः प्रांतिक सरकारकडे सोपविल्या. मात्र ज्या जमिनी संघीय प्रयोजनासाठी वापरात होत्या, त्या केंद्राकडे राहिल्या. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद २९४ ने हीच विभागणी पुढे चालविली. म्हणजे एखादे मिठागर केंद्राचे की राज्याचे, हे ठरविताना ती जमीन त्या काळी कोणत्या प्रयोजनासाठी आणि कोणाच्या ताब्यात होती, हे पाहावे लागते.

दुसऱ्या बाजूला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आहे. तिच्या विसाव्या कलमानुसार जी जमीन अन्य कोणाच्या मालकीची नाही, ती राज्य शासनाची मानली जाते. अनेक ठिकाणी खाजणाच्या जमिनींच्या अभिलेखांत राज्य शासनाचे नाव आहे आणि मीठ खाते त्याच जमिनींवर आपली मालकी सांगते. काही मिठागरांवर खाजगी व्यक्तींचेही दावे आहेत. एकाच जमिनीवर असे दोन किंवा तीन हक्कदार उभे राहतात.

कांजूरमार्गचा धडा

अशा वादाची किंमत काय असते, हे कांजूरमार्गच्या उदाहरणावरून दिसून आले. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हाधिकाऱ्यांनी तेथील सुमारे १०२ एकर जमीन मेट्रोच्या कारशेडसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सुपूर्द केली. जमीन राज्याची असल्याची नोंद महसुली अभिलेखांत आहे, असे राज्य शासनाचे म्हणणे होते. जमीन मीठ आयुक्तांच्या ताब्यातील असून ती केंद्राची आहे, असे केंद्र शासनाचे म्हणणे होते. १६ डिसेंबर २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाला व बांधकामाला स्थगिती दिली. २०२२ मध्ये मेट्रो मार्गिका तीनची कारशेड पुन्हा आरे येथेच करण्याचा निर्णय झाला. दोन्ही शासने लोकांचीच. परंतु त्यांच्यातील वादात काळ गेला तो प्रवाशांचा.

मीरा-भाईंदरलाही हा अनुभव नवा नाही. दहिसर-भाईंदर जोडरस्त्याच्या आखणीत मिठागराची जमीन येते, म्हणून त्या जमिनीसाठी केंद्राकडे मागणी करावी लागली. उलट बाजूने पाहता, दोन्ही शासनांत एकमत झाले की मार्ग निघतो, हेही दिसून आले आहे. धारावी पुनर्वसनासाठी मुंबईतील सुमारे २५५ एकर मिठागर जमीन घेण्याचा निर्णय २०२४ मध्ये केंद्राच्या संमतीने झाला. त्या निर्णयाच्या गुणदोषांविषयी मतभेद आहेत. पण मालकीचा वाद निर्णयाच्या आड आला नाही.

न्यायालयांनी आखलेल्या रेषा

सूच्यांतील नोंदी एकमेकींना स्पर्श करतात, तेव्हा कायद्याचा गाभा कोणत्या विषयाचा आहे, हे न्यायालय पाहते. १९५१ मध्ये मुंबई राज्याच्या दारूबंदी कायद्यासंबंधीच्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व लागू केले. दारूची सीमापार आयात हा केंद्राचा विषय असला, तरी दारूबंदी कायद्याचा गाभा राज्याच्या विषयात मोडतो. केंद्राच्या क्षेत्राला होणारा अप्रत्यक्ष स्पर्श त्याला बाधक नाही, असा निर्णय झाला. उलट १९५४ च्या झवेरभाई अमाईदास खटल्यात, समवर्ती क्षेत्रात संसदेने नंतर केलेल्या कायद्यापुढे मुंबई राज्याचा कायदा टिकला नाही.

१९६२ मध्ये पश्चिम बंगालच्या दाव्यात मूलभूत प्रश्न उपस्थित झाला. कोळसा असलेली राज्याच्या मालकीची जमीन केंद्राला संपादित करता येईल काय? बहुमताने उत्तर होकारार्थी आले. भारतातील राज्ये ही करार करून एकत्र आलेली सार्वभौम राज्ये नाहीत, ही त्यामागील भूमिका होती. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी मात्र भिन्नमत नोंदविले. पुढे १९९४ च्या बोम्मई खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने संघराज्यपद्धती हे राज्यघटनेचे मूलभूत वैशिष्ट्य असल्याचे मान्य केले. जुलै २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्याच पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने खनिज हक्कांवर कर आकारण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. म्हणजे तराजूचा काटा कायम एकाच बाजूला झुकलेला नाही.

जमीन हा विषय राज्याचा असल्याचा सर्वांत बोलका पुरावा नागरी जमीन कमाल धारणा कायद्यात सापडतो. १९७६ चा हा कायदा संसदेने केला खरा. पण तो अनुच्छेद २५२ अन्वये, म्हणजे महाराष्ट्रासह काही राज्यांच्या विधानमंडळांनी ठराव करून तशी विनंती केल्यावर. १९९९ मध्ये संसदेने तो निरसित केला, तरी महाराष्ट्रात तो लागूच राहिला. २९ नोव्हेंबर २००७ रोजी राज्य विधानमंडळाने निरसनाचा ठराव स्वीकारला, तेव्हाच तो येथून गेला. मधली आठ वर्षे मीरा-भाईंदरसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या शहरातील जमिनीच्या व्यवहारांवर या कायद्याचे बंधन राहिले.

महानगरपालिकेचे स्थान

या वादात तिसरा घटक बहुधा दुर्लक्षित राहतो. मीरा-भाईंदर नगरपरिषद १२ जून १९८५ रोजी आणि महानगरपालिका २८ फेब्रुवारी २००२ रोजी अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना घटनात्मक स्थान मिळाले. परंतु त्यांना कोणते अधिकार द्यावयाचे, हे राज्य विधानमंडळच ठरविते.

अनुच्छेद २८५ प्रमाणे केंद्राची मालमत्ता राज्याच्या व स्थानिक संस्थांच्या करांपासून साधारणतः मुक्त असते. साहजिकच केंद्राच्या मालमत्ता असलेल्या शहराचे उत्पन्न तेवढे घटते. २००९ मध्ये राजकोट महानगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे यावर तोडगा निघाला. केंद्राने कर नव्हे, पण सेवाशुल्क द्यावे. सेवांच्या प्रमाणानुसार ते मालमत्ता कराच्या ७५ टक्के, ५० टक्के किंवा ३३⅓ टक्के असावे, असे ठरले. स्थानिक संस्थांच्या अधिकाऱ्यांनी ही तरतूद लक्षात ठेवण्याजोगी आहे.

संघसूचीतील ३२ वी नोंदही तितकीच महत्त्वाची आहे. केंद्राची मालमत्ता एखाद्या राज्यात असेल, तर संसदेने अन्यथा तरतूद केली नसल्यास, तिला राज्याचे कायदे लागू होतात. म्हणजे जमीन केंद्राची ठरली, म्हणून ती राज्याच्या नगररचना कायद्याच्या कक्षेबाहेर आपोआप जात नाही.

पर्यावरणाचे नवे बंधन

मालकी कोणाचीही ठरो, मिठागरांवर आणखी एक मर्यादा आहे. वने व वन्यप्राणी हे विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम संसदेने आंतरराष्ट्रीय परिषदेतील निर्णयांच्या अंमलबजावणीसाठी केला आणि १९९१ मध्ये त्याखाली किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली. शहराच्या पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे संवेदनशील क्षेत्रही २०१६ मध्ये केंद्राच्याच अधिसूचनेने ठरले.

ही बंधने विकासाला अडथळा वाटतात. पण उधाणाच्या वेळी खाडीचे आणि पावसाळ्यात शहराचे पाणी सामावून घेणारी सखल जागा म्हणून मिठागरांचे मोल मोठे आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई परिसरात हे पटवून सांगण्याची गरज उरलेली नाही.

दोन्ही बाजूंचे म्हणणे

केंद्राचे अधिकार बळकट असावेत, असे मानणाऱ्यांचा युक्तिवाद असा की, मीठ, रेल्वे, किनारा ही एका राज्यापुरती मर्यादित साधने नाहीत. जमिनीला सोन्याचा भाव आला असता स्थानिक दबावापासून दूर असलेली यंत्रणा सार्वजनिक जमिनीचे अधिक चांगले रक्षण करू शकते.

राज्यांच्या हक्कांचा पुरस्कार करणारे म्हणतात की, ज्या जमिनीवर मिठाचे उत्पादन थांबले आहे, तेथे मिठाच्या नावाने हक्क सांगणे हे विषयवाटणीच्या हेतूशी विसंगत आहे. शहराला रस्ता, शाळा आणि रुग्णालय द्यावे लागते ते राज्याला व महानगरपालिकेला. तेव्हा जमिनीचा विनियोगही त्यांनीच ठरवावा.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना हे संघराज्य काळाच्या गरजेनुसार एकात्म रूपही धारण करू शकेल, असे स्पष्ट केले होते. पण ही लवचीकता आणीबाणीसारख्या प्रसंगांसाठी आहे. दैनंदिन कारभारात दोघांनीही आपापल्या मर्यादा पाळाव्यात, हेच घटनेला अभिप्रेत आहे.

वाद मिटविण्याचे मार्ग

केंद्र व राज्य यांच्यातील कायदेशीर हक्काचा वाद अनुच्छेद १३१ अन्वये थेट सर्वोच्च न्यायालयात नेता येतो. त्याआधीची पायरी विचारविनिमयाची. १९८३ मध्ये नेमलेल्या सरकारिया आयोगाने अनुच्छेद २६३ खाली स्थायी आंतरराज्य परिषद असावी, अशी शिफारस केली आणि १९९० मध्ये ती स्थापन झाली.

परंतु बहुतेक वादांचे मूळ तालुक्याच्या अभिलेख कक्षातच असते. सात-बारा उताऱ्यावरील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. तथापि ती मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. म्हणून जुने नकाशे, भाडेपट्ट्यांच्या मुदती, फेरफार नोंदी आणि मीठ खात्याचे अभिलेख एकत्र ठेवून संयुक्त मोजणी करणे, हे प्रकल्पाची आखणी होण्यापूर्वीचे काम आहे, स्थगिती मिळाल्यानंतरचे नव्हे. सरपंच, सदस्य व नगरसेवक यांनीही आपल्या हद्दीत केंद्राची, राज्याची व स्थानिक संस्थेची जमीन कोठे आहे, याची माहिती करून घेतली पाहिजे.

मिठागरात खाडीचे पाणी बांध आणि उघाड्यांच्या साहाय्याने योग्य प्रमाणात आत घेतले, तरच मीठ तयार होते. बांध फुटला तर पीक वाहून जाते. उघाडी बंदच राहिली तर आगर कोरडे पडते. केंद्र व राज्य यांच्यामधील घटनात्मक सीमाही अशीच आहे. ती मजबूत हवी, आणि तिच्यातून पाणी खेळतेही राहिले पाहिजे.