दहा बाय दहाचं वाद्य

न्हाणीघरात आपला आवाज एवढा गोड का लागतो? फरशा गुळगुळीत, त्यामुळे घुमतो, हे झालं अर्धं उत्तर. खरी गंमत उरलेल्या अर्ध्यात आहे.

चार फूट रुंदीचं न्हाणीघर घ्या. आवाज सेकंदाला सुमारे ११३० फूट धावतो. एका भिंतीपासून निघून, समोरच्या भिंतीवर आपटून परत यायचं अंतर आठ फूट. म्हणजे सेकंदाला १४१ खेपा. आता काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज किती कंपनांचा? १३८.६. जवळजवळ तोच आकडा! तुम्ही सा लावता आणि भिंतीही तुमच्यासोबत सा लावतात. झोक्याला दर खेपेला नेमक्या वेळी बोटभर धक्का दिला तरी तो चढत जातो ना, तसा परत येणारा प्रत्येक आवाज घशातून निघणाऱ्या नव्या कंपनाला नेमक्या क्षणी हात देतो.

असा स्वतःचा सूर प्रत्येक खोलीला असतो. ज्या दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये हल्ली कीबोर्ड, माइक आणि दोन स्पीकर मांडून ‘होम स्टुडिओ’ उभा राहतो, तिचा सूर ५६ हर्ट्झ, मग त्याची दुप्पट, तिप्पट. छतही दहा फुटांच्या आसपास असेल तर लांबी, रुंदी, उंची तिन्ही दिशांनी एकच सूर तिप्पट जोरानं उठतो. चौकोनी डब्यासारखी खोली राहायला सोयीची असेल, पण संगीतासाठी तिच्याइतका वाईट आकार शोधून सापडायचा नाही.

हे कानांनी पडताळता येतं. चांगल्या स्पीकरवर ५६ हर्ट्झचा शुद्ध सूर लावा (मोबाइलच्या इवल्या स्पीकरला तो झेपत नाही) आणि भिंतीला पाठ टेकून उभे राहा. छातीत घुमेल. आता हळूहळू खोलीच्या मध्याकडे चालत या. सूर ओसरतो, आणखी ओसरतो आणि मधोमध जवळपास नाहीसा होतो! कुणी बटणाला हात लावलेला नाही. जाणारी आणि येणारी लाट एकमेकींत अशा मिसळल्या आहेत की हवेचा दाब भिंतींपाशी जोरात वरखाली होतो आणि मध्यावर जवळजवळ हलत नाही.

आता विचार करा, खुर्ची कुठे असते? बहुतेकांची मध्याच्या आसपास. तिथे बसून ढोलकीचा घुमारा कमी वाटला की माणूस तो वाढवतो. मग तेच गाणं गाडीत लावलं की काचा थरथरतात. दोष त्याच्या कानाचा नाही. त्यानं ढोलकीचं मिक्सिंग केलंच नव्हतं, खोलीचं केलं होतं.

मग इतकी वर्षं त्या खोलीत राहून आपल्याला हे कळत कसं नाही? कारण आपला मेंदू भलताच हुशार आहे. थेट आलेल्या आवाजापाठोपाठ भिंतीवरून आलेला आवाज तीसेक मिलिसेकंदांच्या आत पोहोचला, तर मेंदू दोन्ही एकत्र करून ‘एकच आवाज आला, समोरून आला’ असं आपल्याला सांगून मोकळा होतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं १९४९ साली हे प्रयोगांनी मांडलं. छोट्या खोलीतले भिंतींवरचे पहिले पडसाद याच वेळात येऊन जातात, त्यामुळे खोली आपल्याला ऐकूच येत नाही. माइकला मात्र मेंदू नाही. तो सगळं प्रामाणिकपणे टिपतो, आणि रेकॉर्डिंग ऐकताना वाटतं, पत्र्याच्या डब्यात बसून गायलो की काय!

भिंतींना गप्प कसं करायचं, याचं गणित पहिल्यांदा मांडलं वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकानं. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. व्याख्यात्याचं एक वाक्य दुसऱ्यात बुडून जायचं. १८९५ साली हे सुधारायचं काम सबाइनकडे आलं. जवळच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या तो रात्री उचलून आणायचा, त्या मांडून ऑर्गनची नळी वाजवायची, सूर विरेपर्यंतचा वेळ घड्याळानं मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायच्या. आकडे थोडे इकडेतिकडे होत राहिले, तेव्हा लक्षात आलं की त्याच्या अंगावरचे कपडेसुद्धा आवाज पीत होते! मग दर प्रयोगाला तेच कपडे. या गाद्यांच्या ने-आणीतून निघालेलं सूत्र आजही जगभर वापरतात.

गादी आवाज पिते म्हणजे नेमकं काय होतं? आवाज म्हणजे हवेची पुढेमागे हालचाल. ती हवा धाग्यांच्या जंगलात शिरली की घासली जाते आणि आवाजाची उष्णता होते. खोली तापेल अशी भीती नको: कान किटवणाऱ्या ९४ डेसिबलच्या आवाजातही एका चौरस मीटरवर तीन मिलिवॅटहून कमी शक्ती असते.

पण इथे एक पेच आहे. घासायला हवा हलली पाहिजे आणि भिंतीला अगदी लागून असलेली हवा हलूच शकत नाही, जाणार कुठे? ती सर्वांत जास्त हलते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. हजार हर्ट्झच्या सुरासाठी हे अंतर साडेतीन इंचही नाही. शंभर हर्ट्झसाठी जवळपास तीन फूट! म्हणून भिंतीला डकवलेला इंचभर फोम फक्त वरचे, चमकदार सूर खातो आणि खालचा घुमारा तसाच ठेवतो. खोली आधीपेक्षा कोंदट वाटते. अंड्यांच्या ट्रेंबद्दल तर बोलायलाच नको. आणि शेजाऱ्यांचा मिक्सर यातल्या कशानंच थांबत नाही. तो वजनदार भिंतींचा आणि फटी बुजवण्याचा वेगळा विषय.

उपाय जाडीचा आहे आणि जागेचा. खोलीचे सगळे सूर कोपऱ्यांत जोर धरतात, म्हणून पहिला मान कोपऱ्यांचा. चार बाय दोन फुटांची लाकडी चौकट, तिच्यात चार ते सहा इंच रॉकवूल (दगडी लोकर), वरून कापड, आणि ही चौकट कोपऱ्यात तिरकी उभी केली की मागे आपोआप पोकळी राहते. कापड निवडायची परीक्षा सोपी: तोंडाशी धरून फुंकर मारा. आरपार गेली तर आवाजही जाईल. रेक्झिन नको. रॉकवूल हाताळताना मात्र मास्क आणि हातमोजे हवेतच.

पुढच्या चौकटी कुठे लावायच्या, हे आरसा सांगतो. तुम्ही खुर्चीत बसा, घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. जिथे आरशात स्पीकर दिसेल, तिथूनच त्याचा आवाज उसळून तुमच्या कानावर येतो. प्रकाश आणि आवाज एकाच नियमानं परततात, म्हणून डोळ्यांनी कानाचं काम होतं.

सगळ्याच भिंती मढवल्या तर? आवाज मेल्यासारखा होतो, गाणाऱ्याला गावंसं वाटत नाही. काही आवाज परत यायला हवा, पण विखरून. यावर मानफ्रेड श्रोडर या भौतिकशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात शोधलेला उपाय मला यातला सर्वांत थोर वाटतो. ० ते ६ या आकड्यांचे वर्ग करा, प्रत्येकाला मूळ संख्या ७ नं भागा आणि फक्त बाकी लिहा: ०, १, ४, २, २, ४, १. लाकडात याच प्रमाणात खोल खाचा पाडा. ज्या पट्ट्यातल्या सुरांसाठी त्या बेतलेल्या असतात, त्यांचा आवाज आदळला की तो सगळ्या दिशांना जवळपास सारखा वाटला जातो! गणितज्ञ गाउसनं ज्या संख्यासिद्धांतात एवढी भर घातली, तो असा भिंतीवर जाऊन बसला, आणि श्रोडर शिकवायचा गाउसच्याच ग्योटिंगेन विद्यापीठात.

दहा बाय दहामध्ये मात्र या खाचांपासून पुरेसं लांब बसायला जागा नसते. तिथे पाठीमागे पुस्तकांचं भरलेलं कपाट थोडंफार हेच काम करतं. फक्त पुस्तकं एका रेषेत लावायची नाहीत. काही आत, काही बाहेर.