गाळा न सोडणारा मालधारक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सामान किंवा व्यापारी माल ठेवण्यासाठी लहान-लहान गाळे महिन्याच्या भाड्याने देण्याचा व्यवसाय मुंबई-पुण्यासारख्या शहरांत अलीकडच्या काळात रुजला असून, त्यात गाळ्याची किल्ली ग्राहकाकडे राहते आणि चालक जागा, पहारा व दिवाबत्ती एवढेच पुरवतो. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील जऊळका हे अकोला–पूर्णा लोहमार्गावरील गाव. तेथे आणि त्या परिसरात साठवणुकीचा प्रश्न मुख्यतः सोयाबीन, तूर आणि हरभरा यांच्या पोत्यांच्या रूपाने समोर येतो. तरीही दोन्हीकडची अडचण एकच आहे. छपराची दुरुस्ती, किडीचा बंदोबस्त, अर्धवट रिकाम्या गाळ्यांतील माल एकत्र करणे किंवा नव्या हंगामाच्या मालाला जागा करून देणे अशा कारणांसाठी गोदामचालकाला एखाद्या मालधारकाने दुसऱ्या गाळ्यात जावे असे वाटते, मालधारक नकार देत नाही, पण हलतही नाही, आणि ‘पुढच्या आठवड्यात बघू’ या उत्तरावर महिने निघून जातात. या चालढकलीविषयी दोन्ही बाजूंना जे समज रूढ आहेत, त्यांतील बरेचसे कायद्याच्या दृष्टीने चुकीचे आणि धंद्याच्या दृष्टीने तोट्याचे आहेत.

गाळा वापरणारा प्रत्येक जण भाडेकरूच असतो, हा त्यांतला मूळ समज होय. वास्तविक साठवणुकीच्या व्यवहाराचे कायद्यात तीन निरनिराळे प्रकार संभवतात आणि विलंब करणाऱ्याशी कसे वागावे हे तो कोणत्या प्रकारात मोडतो यावर अवलंबून असते. संपूर्ण गाळ्याचा स्वतंत्र ताबा ठरावीक मुदतीसाठी दिला असेल तर तो भाडेपट्टा होय. ताबा चालकाकडेच ठेवून केवळ जागा वापरण्याची परवानगी दिली असेल, तर ती भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मधील परवानगी, म्हणजे बोलीभाषेतील ‘लीव्ह अँड लायसन्स’ होय. मालच चालकाच्या हवाली करून पावती घेतली असेल, तर तो भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १४८ मध्ये वर्णिलेला निक्षेप ठरतो. निक्षेप म्हणजे ठरावीक हेतूने माल दुसऱ्याच्या स्वाधीन करणे आणि हेतू पूर्ण झाल्यावर तो परत घेणे. शहरातील किल्लीचा गाळा बहुधा दुसऱ्या प्रकारात बसतो, तर वखारीतील सोयाबीन तिसऱ्या प्रकारात बसते, आणि म्हणून शहरी गाळ्यांसाठी लिहिलेला करारनामा उतरवून घेऊन तो गावच्या गोदामाला लावणे ही पुढील अनेक वादांची सुरुवात ठरते.

भाडेपट्ट्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा केवळ राहत्या घरांपुरता आहे असे सर्रास मानले जाते, परंतु परिशिष्टांत नमूद केलेल्या क्षेत्रांत तो निवास, शिक्षण, धंदा आणि व्यापार यांच्याबरोबरच साठवणुकीसाठी भाड्याने दिलेल्या जागांनाही लागू होतो. ज्या क्षेत्राला तो लागू आहे तेथे कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, नोंदणीची जबाबदारी जागामालकावर असते, आणि असा करार नसल्यास अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ‘सांगितले की गाळा बदलीन’ असे तोंडी कबूल करून घेतलेले वचन अशा वेळी कितपत टिकेल, हे सांगण्याची गरज नाही.

सांगूनही गाळा सोडला नाही तर आपले कुलूप घालावे किंवा माल बाहेर काढून ठेवावा, हा दुसरा समज अधिक घातक म्हणावा लागतो, कारण त्यात बाजू बरोबर असलेला चालकही चुकीच्या बाजूला जातो. परवानगी रद्द झाली तरी सुविधाधिकार अधिनियमाचे कलम ६३ परवानगीधारकाला जागा सोडण्यासाठी आणि तेथे ठेवू दिलेला माल काढून नेण्यासाठी वाजवी मुदत देते. ज्याच्याकडे जागेचा ताबा आहे त्याला कायदेशीर मार्ग सोडून बाहेर काढले, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो आणि त्या दाव्यात जागेची मालकी कोणाची हा मुद्दा आड येत नाही. वाजवी मुदत किती, हे कायद्याने दिवसांत मोजून दिलेले नाही. चार खोक्यांना पुरेल तेवढी मुदत शंभर क्विंटल हरभऱ्याला पुरणार नाही, आणि हमाल मिळण्याचा हंगाम आहे की नाही यावरही ती बदलेल. म्हणूनच ती करारात आधीच लिहून ठेवणे दोघांच्याही हिताचे असते.

या विषयातील सर्वांत पसरलेला गैरसमज मात्र कायद्याविषयी नसून माणसाविषयी आहे, आणि तो असा की विलंब करणारा मालधारक हटवादी किंवा आळशी असतो. जऊळका परिसरातील शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब मांडून पाहिला तर चित्र निराळे दिसते. सोयाबीन सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात निघते, तूर हिवाळ्यात येते आणि तिच्यामागोमाग हरभरा येतो, म्हणजे ज्या महिन्यांत गोदामाला जागेची सर्वाधिक निकड असते त्याच महिन्यांत शेतकरी आणि हमाल दोघेही शेतात व बाजार समितीत गुंतलेले असतात. शिवाय माल ठेवलेलाच असतो तो भावाच्या प्रतीक्षेत. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना खुल्या बाजारातील भाव बराच काळ त्याखाली राहिले. अशा वेळी आज-उद्या विकण्याचा विचार मनात असलेला शेतकरी आठ दिवसांसाठी माल दुसरीकडे हलवण्याचा खर्च कशाला करील? गाळा बदलणे म्हणजे पोती उचलणे, वाहणे, पुन्हा थप्पी लावणे आणि पुन्हा वजन करणे. यात हमाली व तोलाई पुन्हा द्यावी लागते, बारदाना फाटतो, आणि प्रत्येक हाताळणीत थोडा माल सांडून तूट येते. हा सारा खर्च मालधारकाचा आणि सोय मात्र चालकाची असेल, तर चालढकल हे त्याचे साधे अर्थशास्त्र होय.

सोयाबीनच्या बाबतीत एक अधिकचे कारण आहे, जे धान्याच्या इतर व्यवहारांत फारसे आढळत नाही. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते आणि बियाण्याचा अंकुर सालीच्या लगत असतो, त्यामुळे पोते उंचावरून आपटले किंवा थप्पी फार उंच रचली तर दाणा दुभंगतो आणि उगवणशक्ती घटते. सोयाबीन बियाण्याची किमान उगवणशक्ती ७० टक्के असावी लागते. पुढील खरिपासाठी घरचे बियाणे राखून ठेवलेल्या शेतकऱ्याला तेलगिरणीत जाणाऱ्या मालाप्रमाणे वागवून ‘पोतीच तर हलवायची आहेत’ असे म्हणणे हे अज्ञान आहे, आणि त्याचा नकार हा या संपूर्ण विषयातील सर्वांत रास्त नकार मानावा लागेल. अशा मालाची नोंद पहिल्याच दिवशी ‘बियाणे’ म्हणून करून तो शक्यतो न हलवावा लागणाऱ्या गाळ्यात, बुटक्या थप्पीत ठेवणे हे चालकाचे काम आहे.

काही वेळा मालधारकाची इच्छा असूनही तो हलू शकत नाही, कारण माल तारण असतो. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्ज योजना राबवते. तीत सोयाबीन, तूर, हरभरा यांसारख्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज १८० दिवसांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. वखार पावतीवर बँकेचे कर्जही घेता येते. वखार (विकास व नियमन) अधिनियम, २००७ हा कायदा २५ ऑक्टोबर २०१० पासून लागू झाला, त्याखालील प्राधिकरणाकडे नोंदलेल्या गोदामांना परक्राम्य, म्हणजे हस्तांतरित करता येणारी, पावती देता येते, आणि २०१७ पासून ही पावती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघू लागली. अशा पावतीत माल कोणता, किती, कोणत्या प्रतीचा आणि कोणत्या गोदामात आहे हे नोंदलेले असते, आणि ती तारण असेपर्यंत कर्ज देणाऱ्याच्या संमतीवाचून माल उचलता येत नाही. त्यामुळे दुसऱ्या गोदामात जाण्याविषयी शेतकऱ्याला दिलेली नोटीस मुळातच चुकीच्या पत्त्यावर गेलेली असते. ती बँकेलाही जायला हवी. विम्याचेही तसेच आहे, कारण विमापत्रात जी इमारत लिहिलेली असते तिच्यातील मालालाच संरक्षण मिळते आणि माल हलवण्यापूर्वी विमा कंपनीला कळवून ठिकाण बदलून घ्यावे लागते.

उलट बाजूचा समजही तपासून पाहिला पाहिजे. माल आपल्या स्वाधीन आहे, तेव्हा तो कुठे ठेवायचा हे आपणच ठरवू, असे अनेक गोदामचालकांना वाटते. करार कायद्याचे कलम १५१ माल सांभाळणाऱ्यावर अशी जबाबदारी टाकते की, सामान्य शहाणपणाचा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या मालाची जेवढी काळजी घेईल तेवढी त्याने दुसऱ्याच्या मालाची घ्यावी. छप्पर गळत असताना पोती कोरड्या गाळ्यात नेणे हे त्या काळजीत बसते आणि तेथे संमतीची वाट पाहत बसणे हाच निष्काळजीपणा ठरेल. परंतु केवळ जागा वाचवण्यासाठी दोघांचे सोयाबीन एका थप्पीत मिसळणे ही वेगळी गोष्ट आहे. संमतीने मिसळल्यास दोघांचा मिश्रणात आपापल्या प्रमाणात हिस्सा राहतो, संमतीविना मिसळले आणि वेगळे करता येत असेल तर वेगळे करण्याचा खर्च व नुकसान सांभाळणाऱ्याच्या माथी येते, आणि वेगळे करता येत नसेल तर भरपाई द्यावी लागते, असे त्याच कायद्याची कलमे १५५ ते १५७ सांगतात. एकाचे सोयाबीन १० टक्के ओलाव्याचे आणि दुसऱ्याचे १४ टक्क्यांचे असताना ‘सोयाबीन ते सोयाबीन’ असे म्हणून चालत नाही.

किडीच्या बंदोबस्तासाठी गाळा रिकामा करावा लागतो, हाही एक अर्धवट समज आहे. हरभरा व तुरीत भुंगेरा लागल्यावर ॲल्युमिनियम फॉस्फाइडची धुरी देतात. तिच्यातून निघणारा फॉस्फिन वायू विषारी असल्याने हे काम प्रशिक्षित व्यक्तीकडूनच करवून घ्यावे लागते, आणि थप्पी हवाबंद ताडपत्रीखाली साधारण आठवडाभर झाकून ठेवली जाते. म्हणजे उपचार जागच्या जागीच करायचा असतो. किडलेला माल आधी स्वच्छ गाळ्यात नेणे म्हणजे कीडही तेथे नेणे, आणि त्या वेळी मालधारकाने दाखवलेली दिरंगाई कधीकधी गोदामाच्याच पथ्यावर पडते.

भाडे थकले किंवा मुदत संपली की माल अडवता येतो आणि विकताही येतो, अशी एक समजूत आहे. येथे धारणाधिकार ही संकल्पना समजून घ्यावी लागते. येणे वसूल होईपर्यंत दुसऱ्याचा माल आपल्याजवळ राखून ठेवण्याच्या हक्काला धारणाधिकार म्हणतात. करार कायद्याचे कलम १७० हा हक्क मालावर श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्याला देते, नुसते सांभाळणाऱ्याला नव्हे, आणि तोही राखून ठेवण्यापुरता, विकण्यापुरता नाही. कलम १७१ मधील व्यापक धारणाधिकाराच्या यादीत बँकर, अडते, धक्केवाले अशांची नावे आहेत, गोदामचालकाचे नाही. २००७ च्या अधिनियमाखाली नोंदणी झालेल्या गोदामचालकाला मात्र साठवणुकीच्या आकारासाठी मालावर धारणाधिकार मिळतो. तेव्हा नोंदणी नसलेल्या चालकाने करारात स्पष्ट कलम न घालता पोती अडवून धरणे हे बरेच जोखमीचे आहे. संयुक्त कुटुंबाच्या मालात आणखी एक गाठ असते, ती अशी की भावाभावांत वाद असल्याने कोणीच हलवण्याची जबाबदारी घेत नाही. येथे कलम १६५ उपयोगी पडते, कारण सहमालकांनी मिळून ठेवलेला माल, उलट करार नसल्यास, त्यांपैकी एकाच्या सूचनेनुसार परत देता येतो.

भाडे वाढवले की मालधारक आपोआप हलेल, या अपेक्षेत थोडे तथ्य आहे, पण थोडेच. गोदामाचे भाडे दरमहा थोडे-थोडे जाते आणि हमालीचा खर्च एकदम समोर उभा राहतो. ज्याला महिन्याभरात माल विकायचा आहे तो वाढीव भाडे सोसतो, पण हलत नाही. शिवाय शासकीय वखारीत शेतकऱ्याला भाड्यात सवलत असते, त्यामुळे तेथे भाड्याचा दंडुका फारसा चालत नाही. परिणाम साधतो तो उलट बाजूने, म्हणजे गाळा बदलण्याची गरज चालकाची असेल तर हमाली, तोलाई आणि तूट चालकाने सोसली, आणि बदलण्याच्या आठवड्याचे भाडे माफ केले तर. मालधारकाच्या सोयीसाठी गाळा बदलायचा असेल तर हाच खर्च त्याचा, हा नियमही तितक्याच स्पष्टपणे लिहिता येतो.

करारात त्यामुळे मोजक्या गोष्टी असाव्यात: कोणत्या कारणांसाठी गाळा बदलता येईल, किती दिवस आधी लेखी सूचना दिली जाईल, ती तारणदारालाही जाईल, खर्च कोण देईल, दोन्ही ठिकाणी वजन व ओलावा कोणासमोर मोजला जाईल, आणि सूचनेनंतरही मालधारक आला नाही तर दोन साक्षीदारांसमोर पंचनामा करून माल हलवण्याची चालकाला मुभा असेल. सूचनेची तारीखही हंगाम पाहून ठरवावी. पेरणीच्या किंवा काढणीच्या आठवड्यात पाठवलेली नोटीस ही वाद मागवण्यासाठीच पाठवलेली असते. जऊळका परिसरातील गोदामचालकांनी ही कलमे नव्या सोयाबीनचे पहिले पोते उतरण्यापूर्वी, म्हणजे सप्टेंबरातच, लिहून मालधारकांच्या सह्या घ्याव्यात, आणि शेतकऱ्यांनीही पावती घेताना गाळा बदलल्यास हमाली कोणाची हे विचारून घ्यावे.