नोकरी गेली, ऑपरेशन ठरलेलं

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यातली नोकरी सुटली, की कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा बहुतेक वेळा शेवटच्या दिवशीच संपतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात असेल, तर राजीनाम्याआधीच विमा कंपनीकडे 'मायग्रेशन'चा लेखी अर्ज द्या. त्याच कंपनीची वैयक्तिक पॉलिसी मिळाली, तर जुन्या आजारांसाठीच्या प्रतीक्षाकाळातून आधीची वर्षं वजा होतात. नवीकोरी पॉलिसी घेतली, तर हा काळ 3 वर्षांपर्यंत असू शकतो. तोवर गुडघा थांबायला हवा ना! हप्ता मात्र आता आपल्याच खिशातून.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) असलेल्यांचं गणित वेगळं: एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभकाळ पुढच्या जानेवारी ते जून. शिवाय राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. आपली शस्त्रक्रिया यादीत आहे का, हे कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा. जाताना रेशनकार्ड न्या.