मताधिकार आणि कृष्णवर्णीय उद्योजिका

अमेरिकेतील कृष्णवर्णीय उद्योजिकांना लागणारे कर्ज, परवाना आणि अनुदान यांचे नियम कायदेमंडळात व न्यायालयात ठरतात. त्यामुळे मतदानाचा त्यांच्या व्यवसायाशी थेट संबंध आहे.

हक्क : १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने दक्षिणेतील कृष्णवर्णीय मतदारांपुढील साक्षरता चाचणीसारखे अडथळे हटवले. १९६८ मध्ये ब्रुकलिनमधून निवडून आलेल्या शर्ली चिझम या अमेरिकी काँग्रेसच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला सदस्य.

कर्ज : १९७४ च्या कायद्याने कर्ज देताना लिंगभेद करण्यास, तर १९७६ च्या दुरुस्तीने वंशभेद करण्यासही मनाई केली. तरीही काही राज्यांत व्यवसायाच्या कर्जासाठी महिलांना घरातील पुरुषाची सही आणावी लागे. ही अट १९८८ च्या कायद्याने गेली.

परवाना : अनेक कृष्णवर्णीय महिला केसांच्या पारंपरिक वेण्या घालण्याचा व्यवसाय करतात. या कामात कात्री लागत नाही, रसायनेही नाहीत. तरी मिसिसिपी राज्यात त्यासाठी शेकडो तासांचे प्रशिक्षण सक्तीचे होते. २००५ मध्ये विधिमंडळाने ही सक्ती उठवली आणि २५ डॉलर भरून नोंदणी करणे पुरेसे ठरले.

अनुदान : अटलांटाचा ‘फिअरलेस फंड’ कृष्णवर्णीय महिलांच्या उद्योगांना २० हजार डॉलरचे अनुदान देत असे. जून २०२४ मध्ये संघीय अपील न्यायालयाने ही योजना रोखली. संघीय न्यायालयांतील न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात आणि तिला सिनेटची मंजुरी लागते. म्हणून राष्ट्राध्यक्ष आणि सिनेटर निवडताना दिलेल्या मताचा परिणाम पुढे अनेक वर्षे न्यायालयीन निकालांवर होत राहतो.