'हो' म्हटलं, पण कुणी?

कौटुंबिक वादात मध्यस्थ निकाल देत नाही. दोघांना बोलतं करतो. खेड्यातून तालुक्याला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून व्हिडिओ कॉल सोयीचा. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं म्हटलं, वैवाहिक खटल्यात समेटाचे प्रयत्न फसेपर्यंत व्हिडिओ नको; गोपनीयता जपली पाहिजे. पुढे २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात ऑनलाइन मध्यस्थीची तरतूद आली, दोन्ही पक्षांच्या लेखी संमतीनं.

आता आपण विचारू या, संमती म्हणजे काय? पडद्यावर सून दिसते. पलीकडे बसलेली सासू दिसत नाही. फोनही नवऱ्याचा. 'नाही' म्हणायची मोकळीक नसेल, तर तिच्या 'हो'ला अर्थ काय? म्हणून आम्ही म्हणतो, आधी तिला घराबाहेर, अंगणवाडीत वा आरोग्य केंद्रात, एकटीला बसायला खोली द्या. कॉल मग लावा.