संसाराचा जमाखर्च – लेखांक ४ : गंगाजळी

गेल्या लेखांकात आपण घरखर्चाची खतावणी मांडली; तिच्या अखेरीस जी शिल्लक उरते ती कोठे आणि कोणत्या प्रयोजनासाठी ठेवावी, हा आजचा विषय.

जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू केलेल्या एम्प्रेस मिलने १८८६ साली कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी उभारला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई देण्यास आरंभ केला. अशी भरपाई कायद्याने बंधनकारक होण्यास पुढे १९२३ साल उजाडावे लागले. परंतु ती गिरणीही कालांतराने मिटली आणि तिच्या आवारात आज मॉल उभा आहे. धनी कितीही उदार असला तरी त्याच्या तरतुदीवर सर्वस्वी विसंबणे इष्ट नव्हे.

राखीव द्रव्याला आपल्या भाषेने गंगाजळी हे मोठे समर्पक नाव दिले आहे. देवघरातील तोंड बंद केलेल्या गडूतले गंगोदक तहान लागली म्हणून कोणी पीत नाही; तद्वत ही रक्कम लग्नकार्याला वा सणावाराला नसून दुखण्याला, नोकरी सुटण्याला आणि नापिकीला आहे. पगारदाराला तीन ते सहा महिन्यांचा खर्च पुरेल; पण काटोल-नरखेडकडील संत्र्याच्या बागाईतदाराचा एक बहार गळाला, तर पुढच्या बहारापर्यंत घर चालवायचे असल्यामुळे त्याने वर्षाची बेगमी करणे युक्त. ही रक्कम बँकेत ठेवल्यास, एका बँकेत एका ठेवीदारास व्याजासह पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवीला ते नसते, हे अधिक व्याजाच्या मोहात विसरू नये.

गंगाजळी नसेल तर संकटसमयी सावकाराची पायरी चढावी लागते. ‘शेकडा दोन’ हा दर ऐकावयास सौम्य वाटतो खरा, परंतु तो दरमहाचा असल्याने वर्षाला चोवीस होतो. पन्नास हजारांवर दरमहा एक हजार केवळ व्याजापोटी गेले तरी मुद्दल तसूभरही हलत नाही, आणि पन्नास महिन्यांत दिलेले व्याज मुद्दलाइतके होते. एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करू नये, हा दामदुपटीचा दंडक आपल्या धर्मशास्त्रकारांनी घातला, तो ऋणकोची ही गती ओळखूनच.

राहता राहिली वरकड प्राप्ती. संध्याकाळच्या शिकवण्या, उन्हाळ्यातील पापड-कुरडयांच्या मागण्या, गावाकडील बागेचा उक्ता सौदा, यांतून येणारा पैसा नियमित नसतो. म्हणून त्यावर नियमित खर्च बेतणे अविचाराचे ठरते. प्रथम त्याने जड व्याजाचे कर्ज फेडावे, मग गंगाजळी भरावी, आणि ती भरल्यावरच घरात नवी वस्तू आणण्याचा विचार करावा.

अडचणीत गंगाजळीला हात लावण्यात कमीपणा नाही. मात्र संकट ओसरताच घेतलेली रक्कम स्वतःच्याच नावे उसनवार मांडून हप्त्याहप्त्याने परत भरावी.

पुढील लेखांकी : सोनेतारण.